चिंचेनं घासलेला टर्बो

तंजावूर, ९ सप्टेंबर २०२४

चि. विनुता,

आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ एक काम.

तुझे बाबा सत्यनारायण असते तर मी आधी दोन पानं हवापाण्याची लिहिली असती. आम्ही चुलतभाऊ चाळीस वर्षं एकमेकांना मराठीतून पत्रं लिहीत आलो. तो पुण्याला गेला, मी इथंच राहिलो, आणि देवनागरी मी गिरवली ती केवळ त्याच्या पत्रांसाठी. इथे आमच्या गल्लीत मराठी सगळे बोलतात, वाचणारे चार. तो गेल्यावर तू ही पत्रं चालू ठेवलीस याचं मला फार बरं वाटतं. एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. फोन मात्र करू नकोस. फोनवर माझं मन लागत नाही.

आता काम. आमची डिझेल गाडी निळा धूर सोडते. चढावर तर मागचे स्कूटरवाले तोंडाला रुमाल लावतात. मेकॅनिक मणी म्हणतो, टर्बो गेला, नवा घाला. राघवेंद्र चेन्नईहून म्हणतो, अप्पा, गाडीच काढून टाका, पोंगलला येताना गिऱ्हाईक घेऊन येतो. माझा मुलगा आहे, एकदा बोलला की मागे घेत नाही.

गाडी गेली तर तुझ्या चंद्रमती काकूचा वर्ग गेला. दर शुक्रवारी ती तिरुवैयारच्या पलीकडे एका खेड्यात नऊ मुलींना वीणा शिकवते. चार फुटांचं ते फणसाचं लाकूड गावच्या बसमध्ये कुठे ठेवणार? मागच्या सीटवर वीणा आडवी, पुढे आम्ही दोघं. वाटेतही तिची तालीम चालूच असते. माझ्या डाव्या दंडावर बोटानं ताल धरते, कधी एक टिचकी, कधी दोन. ताल हमखास चुकतो. तसं म्हटलं की हसते.

आयटीआयमध्ये एकतीस वर्षं मी पोरांना लेथ शिकवला, पण टर्बो कधी उघडला नाही. तू रोज उघडतेस. घरी, मागच्या पडवीत, मला जमेल का? पुतणी म्हणून नको, कारागीर म्हणून सांग.

रंगराव काका


पुणे, १९ सप्टेंबर २०२४

प्रिय काका,

कारागीर म्हणून सांगते: जमेल. पुतणी म्हणून सांगते: मणीचं ऐका. आता तुम्ही कुणाचं ऐकणार ते मला माहीत आहेच, म्हणून पुढचं लिहिते.

टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा त्याच जोरावर इंजिनात हवा कोंबतो. मधे दांडा तेलावर तरंगतो. सील झिजली की ते तेल इंजिनात जातं आणि जळतं. तोच तुमचा निळा धूर.

बेअरिंग आणि सीलचा किट मी पार्सलनं पाठवते. तीन गोष्टी गिरवून ठेवा. हवेच्या पंख्याच्या नटचे आटे उलटे आहेत, जोर लावून दांडा पिळू नका. तेल आणणारी बारीक नळी काजळीनं तुंबलेली असेल, ती साफ केली नाही तर नवा किटही महिन्यात जाईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उघडण्याआधी पंखा, नट आणि दांडा तिन्हींवर मिळून एक पांढरी रेघ ओढा. जोडताना रेघ रेघेला मिळाली पाहिजे. हा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो. केसाएवढा तोल गेला तर ओरडायला लागतो आणि मग फुटतो.

एक सांगा, आत्ता आवाज कसा येतो? शिट्टीसारखा की खरखर? लांब स्क्रू ड्रायव्हर टर्बोवर टेकवून मूठ कानाला लावा आणि ऐका. अर्धा रोग तिथेच कळतो.

तुमची विनुता


तंजावूर, ५ ऑक्टोबर २०२४

चि. विनुता,

किट पोचला. डबा उघडला तेव्हा चंद्रमतीला वाटलं तू दागिने पाठवलेस.

टर्बो उतरवायला दोन दिवस लागले. खालचा एक बोल्ट इतका गंजला होता की त्याला सकाळ-संध्याकाळ तेल पाजावं लागलं. पडवीतल्या दगडी कट्ट्यावर धोतरासारखी जुनी वेष्टी अंथरून सगळे भाग ओळीनं मांडलेत. पांढरी रेघ ओढली, तिन्हींवर, पातळ आणि सरळ. माझ्या विद्यार्थ्यांनी अशी ओढली असती तर दहापैकी दहा दिले असते. उलटे आटे लक्षात होते तरी पहिल्यांदा हात सुलटाच गेला. वेळेत थांबलो.

नळीचं तू म्हणालीस ते खरं. तार घातली तर काळी भुकटी निघाली, कॉफीच्या गाळाएवढी.

एक मागणं आहे. हवेचा दाब दाखवणारा काट्याचा मीटर मिळतो ना? तो एक पाठव. हवेच्या नळीला फाटा काढून मी तो स्टिअरिंगच्या बाजूला बसवणार आहे, डोळ्यांसमोर. त्याचा ब्रॅकेट पितळी पत्र्याचा मीच करतो. हौस समज.

पुढच्या शुक्रवारी आयुधपूजा, दुसऱ्या दिवशी विजयादशमी. त्या मुहूर्तावर काकूच्या वर्गात तीन नव्या मुली येणार आहेत. तोवर गाडी होणार नाही, याची मला लाज वाटते आहे.

रंगराव काका

ता. क. आवाजाचं विचारलं होतंस. टर्बो आता कट्ट्यावर आहे, तो काय बोलणार!


पुणे, १५ ऑक्टोबर २०२४

प्रिय काका,

मीटर पाठवला. आमच्या दुकानात असे मीटर वीस-बावीस वर्षांची पोरं नेतात, रात्री रस्त्यावर शर्यती लावायला. अडुसष्टाव्या वर्षी तुम्हाला कुणाला मागे टाकायचंय? मीटरबरोबर दाब वाढवायची हौस आली तर टर्बोच्या बाजूला दाब ठरवणारी छोटी दांडी असते, तिच्या नटला हात लावू नका. काकूची वीणा मागे आहे हे लक्षात असू द्या.

जोडून झाल्यावर इंजिन चालू करण्याआधी टर्बोत हातानं तेल भरा. कोरडा फिरवू नका. आणि पहिल्या फेरीचा आवाज कसा आला ते मला सविस्तर लिहा. ते वाचल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

विनुता


तंजावूर, ४ नोव्हेंबर २०२४

चि. विनुता,

धूर गेला!

मागच्या भिंतीला पांढरा कागद लावून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं. कागद कोरा. तो कागद मी राघवेंद्रला दाखवायला जपून ठेवलाय.

आयुधपूजेची गंमत सांगतो. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक हत्यार धुऊन, गंध-कुंकू लावून देवापुढे मांडतात, आणि दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत कुणी हात लावत नाही. आयटीआयमध्ये मी लेथसुद्धा पुजायचो. यंदा देवापुढे काकूची वीणा, माझे पाने आणि शेजारी टर्बोचा पंखा आणि दांडा. काकूनं त्यांना समईबरोबर चिंचेनं घासलं. असे चकाकत होते की शेजारची भुवना विचारायला आली, ही कुठली नवी मूर्ती?

विजयादशमीला काकू बसनं गेली, वीणा घरी ठेवून. नुसत्या गळ्यानं तिनं तीन मुलींना पहिला धडा दिला. संध्याकाळी परत आल्यावर वीणेवरचं फडकं तिनं काढलंच नाही. म्हणून मी घाई केली. चार दिवसांत टर्बो जोडून बसवला.

मीटर फार छान. मी चढावर गिअर टाकतो तेव्हा काटा कसा हलतो ते पाहायला मजा येते.

आवाज? एकदम शुद्ध. हात ठेवला तर थरथरसुद्धा नाही. काकूलाही विचारलं, तिनं मान हलवली. आता दोन शुक्रवार वर्गाला जाऊन आलो. तुझे उपकार मानू की फी देऊ?

रंगराव काका


पुणे, २० नोव्हेंबर २०२४

प्रिय काका,

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. रागावाल, तरी पूर्ण वाचा.

रविवारी काकूंचा फोन आला. तुम्ही भाजी आणायला गेला होतात. त्या म्हणाल्या, "विनुते, वंडी म्हणजे गाडी ओरडते ग. कालवा ओलांडिला कीं किंचाळते. षड्ज नाहीं, पंचम नाहीं, मधेंच कुठें धरून बसते. ह्यांस कसें सांगूं?" मग त्यांनी मोबाईलवर भरून घेतलेला आवाज मला पाठवला.

मी तो दुकानात लावला तर पलीकडच्या टेबलावरचे दोघं काम सोडून उठून आले. काका, तो दांडा तोलात नाही. असाच चालवलात तर बेअरिंग फुटेल, सगळं तेल इंजिनात जाईल, आणि डिझेल इंजिन त्या तेलावर आपलं आपण पळत सुटेल. किल्ली काढली तरी थांबणार नाही. पुढे काकू, मागे वीणा आणि बाजूला कालवा. आजपासून गाडी चालवू नका. ही विनंती नाही.

मी काकूंना विचारलं, पांढरी रेघ मिळाली होती ना? त्या रडायलाच लागल्या. "मींच पुळीनें, चिंचेनें घासिलें, रेघ गेली. ह्यांनीं पाहिलें. मला एक शब्द बोलिलें नाहींत. तुला कळविलें असेल म्हणून मी समजलें." तुम्ही मला समईचं आणि भुवनाचं कळवलंत, रेघेचं नाही.

ते एक मी समजू शकते. पण हा आवाज रस्त्यावरचं लहान मूलही ओळखेल, आणि तुम्ही त्याला शुद्ध म्हणालात. मग मी तुमची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. आवाजाचं मी दोनदा विचारलं. एकदाही तुम्ही ऐकून उत्तर दिलेलं नाही. फोन तुम्हाला आवडत नाही. मीटर डोळ्यांसमोर हवा. आणि मी मूर्ख, शर्यतीची थट्टा करत बसले.

काका, तुम्हाला ऐकू येत नाही. किती दिवसांपासून?

विनुता


तंजावूर, १२ डिसेंबर २०२४

चि. विनुता,

तुझं पत्र मी आठ दिवस घडी करून खिशात ठेवलं. रोज काढायचं, वाचायचं, परत ठेवायचं. तुझा राग आला. त्याहून जास्त काकूचा आला. दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. मग ध्यानात आलं की तिला त्यात फारसा फरक जाणवला नव्हता. त्यावर मलाच हसू आलं आणि राग गेला.

सहा वर्षं झाली. एकतीस वर्षं लेथ, ग्राइंडर आणि हातोडे यांच्यात काढली, कानात कापूस घालायला कधी सुचलं नाही. आधी पक्षी गेले. मग टेलिफोन. मग लोक बोलतात ते ओठ पाहिल्याशिवाय कळेना. इंजिन मात्र मी हातानं आणि पायानं ओळखायचो, ते थरथरतं म्हणून. गेल्या वर्षापासून तेही नीट कळत नाही. गिअर कधी टाकायचा ते समजेना, म्हणून मीटर मागवला. तू हौस समजलीस, मी समजू दिली.

एका गोष्टीची मला खरी लाज वाटते. ज्या माणसाला पोरं मास्तर म्हणायची, कारण तो लेथच्या नुसत्या आवाजावरून सांगायचा की तुझं हत्यार बोथट झालंय, तो माणूस किंचाळणारा टर्बो घेऊन सबंध रस्ताभर मिरवत होता. बाजूनं जाणारे काय म्हणत असतील?

रेघेचं सांगतो. पूजेच्या दुसऱ्या दिवशी पंखा हातात घेऊन पाहिला, नुसता लख्ख. दहापैकी दहा मिळालेली रेघ नाहीशी. काकू शेजारीच उभी होती, हातात फुलं घेऊन. इतक्या भक्तीनं घासलं होतं तिनं. मी म्हटलं, छान. तुला कळवलं असतं तर तू विचारलं असतंस, कुणी पुसली? मग अंदाजानं जोडला. मला वाटलं होतं, माझा अंदाज अजून चालतो.

म्हणजे हिशेब असा निघाला की ती माझे कान झाकत होती आणि मी तिची चिंच. आणि दोघं मिळून तुला फसवत होतो.

टर्बोचा मधला गाभा काढून लाकडी खोक्यात, वेष्टीत गुंडाळून तुझ्याकडे पाठवला आहे. पाहिजे ते कर. गाडी शेडमध्ये आहे. काकू बसनं जाते, वीणा घरी असते. पोंगलला राघवेंद्र येईल.

रंगराव


पुणे, २६ डिसेंबर २०२४

प्रिय काका,

तुमची वेष्टी धुऊन परत पाठवते आहे, आत टर्बो आहे.

मशीनवर लावला तेव्हा काटा लाल पट्ट्याच्याही पलीकडे गेला. पंखा दांड्यावर एक अष्टमांश फेरा सरकून बसला होता, बस्स एवढंच. तोल साधला. तुमच्या नव्या बेअरिंगवर चरे पडायला लागले होते, तीही बदलली. आणखी दोन-तीन शुक्रवार, त्यापुढे काही सांगता आलं नसतं. बाकी तुमच्या कामात मला एक दोष सापडला नाही. सील बसवलीत ती आमच्या दुकानात दाखवली. पडवीत बसवली म्हणून सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

या वेळी रेघ रंगाची नाही, मी सुईनं कोरली आहे. काकूंना सांगा, हवी तेवढी चिंच वापरा.

आता माझी फी. राघवेंद्रदादानं दोन वर्षांपूर्वी आणलेलं कानाचं यंत्र तुमच्या कपाटात आहे, काकूंनी सांगितलं. ते कानात घालून टर्बो ऐका आणि मला लिहा. अंदाज नको.

बाबा गेल्यावर मला मास्तर एकच उरलाय. तो कालव्यात जायला नकोय मला.

विनुता


तंजावूर, १८ जानेवारी २०२५

चि. विनुता,

तुझी फी चुकती करतो.

यंत्र कानात घातलं आणि पहिले दोन दिवस वैतागलो. चमचे, कावळे, शेजारच्या भुवनाचा टीव्ही, माझीच चप्पल. जग इतका गोंगाट करतं हे मी विसरलो होतो. तिसऱ्या दिवशी टर्बो चढवला, तेल भरलं, इंजिन चालू केलं आणि तुझा तो लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवला. बारीक, सरळ, एकसारखी शिट्टी. काकूला बोलावलं. ती डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, "आतां सुरांत आहे." आम्ही दोघं बराच वेळ शेडमध्ये तसेच उभे होतो, पोंगलची खरेदी सोडून.

राघवेंद्र आला. गिऱ्हाईक आणलं नव्हतं. कोरा कागद पाहिला, बॉनेट उघडून ऐकलं, मीटर पाहून हसला. मग म्हणाला, "अप्पा, गाडी ठीक आहे. काळजी मला गाडीची कधी नव्हतीच." मी बॉनेट लावलं. तो म्हणाला, "शुक्रवारी मी मागे बसतो. मग ठरवूं." म्हणजे परीक्षा माझी होती, आणि परीक्षक मीच वाढवलेला.

काल निघालो. मागे राघवेंद्र, मांडीवर वीणा. पुढे आम्ही दोघं. कावेरीच्या पुलापर्यंत सगळं छान. पलीकडे रस्ता अरुंद होतो, एका बाजूला कालवा, एका बाजूला भात. तिथे मागून लॉरीचा भोंगा वाजला. मी ऐकला, विनुता. स्वतःच्या कानांनी. आणि त्याच क्षणी माझ्या दंडावर दोन टिचक्या पडल्या.

मी बाजू दिली. लॉरी गेली. थोड्या वेळानं मागून मोपेडचा पीं पीं आला. एक टिचकी.

मी गाडी कडेला घेऊन थांबवली. काकूकडे पाहिलं. विचारलं, हा कुठला ताल? ती ओशाळली. म्हणाली, "ताल कशाचा! लहान वंडी आली तर एक, मोठी आली तर दोन. सहा वर्षें झालीं. तुम्हीं विचारिलें नाहीं, मीं सांगितलें नाहीं."

मागे राघवेंद्रनं तोंड वळवून भाताकडे पाहिलं. तसाच म्हणाला, "मी समजत होतो, गाडी अप्पा एकटेच चालवतात." मग हात पुढे करून त्यानं गाडीची दुसरी किल्ली, जी त्यानं गिऱ्हाइकासाठी आधीच स्वतःकडे घेऊन ठेवली होती, माझ्या मांडीवर ठेवली.

वर्गात मुली वीणेच्या गळ्यात पडल्याच. काकूनं त्या नव्या तिघींना वीणेवर पहिले सात सूर दाखवले. मी खिडकीशी बसून सातही ऐकले. निषाद जरा दबका वाटला. तिला म्हटलं तर म्हणाली, आतां कान आले, आतां छळणार.

परत येताना तिनं विचारलं, "आतां ऐकूं येतें तुम्हांस. टिचक्या बंद करूं?"

सहा वर्षं मी तिला ताल चुकतो म्हणून चिडवत होतो, आणि एकदाही तो चुकला नव्हता. मी म्हटलं, राहू दे. ऐकू आलं तरी राहू दे.

तुझा,
रंगराव काका

ता. क. आता फोन कर. रविवारी सकाळी, कावळे कमी असतात तेव्हा.